जुन्या ऑप्टिप्लेक्स ७०१० मध्ये कॅडसाठी कोणतं ग्राफिक्स कार्ड चालेल?

पॅटर्नशॉप_उद्यमनगर

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात आमचं छोटं पॅटर्न शॉप आहे. फौंड्रीवाल्यांना लाकडी आणि अ‍ॅल्युमिनियमचे पॅटर्न (ओतकामाचा साचा करायचे नमुने), कोअर बॉक्स करून देतो. वडिलांनी सगळी हयात कागदावरच्या ड्रॉइंगवरून काम केलं. आता शिरोली, गोकुळ शिरगावच्या पार्ट्या थेट थ्रीडी फाइल पाठवतात आणि ड्राफ्ट (साच्यातून सुटायला दिलेला उतार), श्रिंकेज अलाउन्स (धातू आकसतो म्हणून वाढवलेलं माप) धरून पॅटर्नचं मॉडेल आम्हीच करायचं असतं.

मशीन डेल ऑप्टिप्लेक्स ७०१०, सेकंड हँड घेतलेलं. आय५-३४७० प्रोसेसर, ८ जीबी रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क, विंडोज १० प्रो. सॉलिडवर्क्स या कॅडच्या सॉफ्टवेअरवर साधा पार्ट ठीक चालतो. पण पंपाची बॉडी किंवा व्हॉल्व्ह बॉडी उघडली, म्हणजे ज्यात सगळीकडे फिलेटच फिलेट (गोलावलेल्या कडा), की माउसनं फिरवताना मॉडेल अडकत अडकत फिरतं. कधी कधी स्क्रीन काळी पडून परत येते.

राजारामपुरीत चौकशी केली. एका दुकानात म्हणाले कुठलंही कार्ड बसतंय, न्या. दुसरीकडे म्हणाले ह्यात काहीच चालणार नाही, नवीन मशीन घ्या. दोन्ही खरं कसं असेल? बजेट दहा हजारांच्या आत आहे. कार्ड घ्यायच्या आधी ते चालेल का हे आपलं आपण कसं तपासायचं, ते कुणी नीट सांगेल का?

---

पंचगंगा_गेमिंग

भावा, आरएक्स ५८० आठ जीबी बघ. सेकंड हँडमध्ये भरपूर मिळतात आणि त्या पैशात तेवढी ताकद दुसऱ्या कशात नाही. स्लॉट सगळ्यांना सारखाच असतो, बसायचा काय विषय नाही. माझ्या भावाच्या मशीनमध्ये आहे, लय भारी चालतंय.

---

राजारामपुरी_रिपेअर

थांबा जरा. कार्डाचं नाव नंतर, आधी मशीन बघूया.

बसायचा विषय नाही हे खरं आहे. पीसीआय एक्स्प्रेसचा लांब स्लॉट २००३ सालापासून आकारानं तोच आहे. १.०, २.०, ३.०, ४.० अशा पिढ्या बदलल्या तरी नवं कार्ड जुन्या स्लॉटमध्ये आणि जुनं कार्ड नव्या स्लॉटमध्ये जातं, आणि दोघांपैकी जो हळू त्याच्या वेगानं चालतं. म्हणून दुकानदार बेधडक ‘बसतंय’ म्हणतो. पण कार्ड परत घेऊन येणारी जी गिऱ्हाइकं मी बघतो, त्यांतल्या जवळपास कुणाचीच अडचण स्लॉटची नसते. पॉवर सप्लाय पुरत नाही, कॅबिनेटचं झाकण लागत नाही, मॉनिटरला जोडायला पोर्ट नसतो, नाहीतर बायोस (मशीन चालू होताना आधी चालणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम) कार्डाला ओळखत नाही. या चारांतलंच काहीतरी निघतं.

तेव्हा एवढं कळवा.

७०१० चार आकारांत यायचं: मिनी टॉवर, डेस्कटॉप, स्मॉल फॉर्म फॅक्टर आणि अल्ट्रा स्मॉल. शेवटच्यात ग्राफिक्सचा लांब स्लॉटच नाही. तुमचं कोणतं? नाव माहीत नसेल तर कॅबिनेटची उंची-रुंदी मोजून सांगा.

झाकण उघडून पॉवर सप्लायवरच्या स्टिकरचा फोटो टाका. अंदाजे किती वॅट ते नको, स्टिकरच हवा.

मॉनिटरच्या मागं कोणकोणते पोर्ट आहेत?

आणि मॉडेल फिरवताना अडकतं, की फीचर बदलल्यावर रिबिल्डला, म्हणजे मॉडेल परत तयार व्हायला, वेळ लागतो? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ह्यावर इथल्या शिरोलीच्या ताई जास्त चांगलं सांगतील.

---

पॅटर्नशॉप_उद्यमनगर

आभारी आहे, दादा. झाकण उघडून बघितलं.

उभं ठेवल्यावर उंची साधारण २९ सेंटिमीटर, रुंदी नऊ-साडेनऊ. पॉवर सप्लायवर २४० वॅट लिहिलंय. त्यातून बोर्डाला, हार्ड डिस्कला आणि डीव्हीडीला वायरी गेल्यात. जादा सुटी वायर कुठंच दिसत नाही. बोर्डावर दोन लांब स्लॉट आहेत, त्यातला एक निळा. मॉनिटर जुना १९ इंची, त्याला व्हीजीए आणि डीव्हीआय.

फिरवताना अडकतं हे नक्की. रिबिल्डलाही वेळ लागतो, पण त्याची आता सवय झाली आहे.

आत धूळ बरीच होती. शेजारी मोल्डिंगचं काम चालतं, काळी बारीक माती सगळीकडे बसते.

---

राजारामपुरी_रिपेअर

हे स्मॉल फॉर्म फॅक्टर झालं. आता हिशोब स्पष्ट करता येतो.

आय५-३४७० चा टीडीपी, म्हणजे पूर्ण भारावर धरायचे वॅट, ७७. आरएक्स ५८० चा १८५. दोनच आकडे मिळवले तर २६२ होतात आणि तुमचा सप्लाय आहे २४० चा. बोर्ड, रॅम, डिस्क, पंखे अजून धरलेच नाहीत. शिवाय त्या कार्डाला वरून जादा पॉवर लागते, बहुतेक मॉडेलना ८ पिनची. ती वायर तुमच्या सप्लायला नाहीच. म्हणजे ५८० चा विषय इथंच संपला.

कार्डाला पॉवर कुठून मिळते हे इथं वाचणाऱ्या सगळ्यांसाठी लिहितो. स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट. ६ पिनच्या वायरीतून अजून ७५, ८ पिनच्या वायरीतून १५०. ज्या कार्डावर वरून वायर जोडायची जागाच नाही ते कार्ड ७५ च्या आत चालतं, एवढं डोळ्यांनी बघूनच कळतं. पण तुमच्यासारख्या बारीक ब्रँडेड कॅबिनेटमध्ये ७५ हा आकडाही गृहीत धरू नये. काही मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये स्लॉटची मर्यादा त्याहून बरीच कमी छापलेली असते. मी अशा मशीनला ५० वॅटच्या वरचं कार्ड सुचवतच नाही. सप्लाय जुना झालेला असतो, आत हवा खेळायला जागा नसते आणि उद्यमनगरात उन्हाळ्यात पत्र्याखाली काय तापतं ते मी सांगायला नको.

असेंबल केलेल्या मशीनवाल्यांनी सप्लायवरचा मोठा आकडा वाचू नये. त्याच स्टिकरवर १२ व्होल्टच्या ओळीत अँपिअर दिलेले असतात, ते वाचा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही मुख्यतः १२ व्होल्टवर जगतात. ‘४५० वॅट’ असं ठळक छापलेल्या स्वस्तातल्या डब्यावर १२ व्होल्टला १६ अँपिअर लिहिलेलं असेल तर १२ गुणिले १६, म्हणजे कामाचे १९२ वॅट. बाकीचा आकडा ३.३ आणि ५ व्होल्टच्या ओळींचा, जो आजच्या मशीनला फारसा लागत नाही.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. साटाच्या (डिस्कला पॉवर देणाऱ्या) वायरीला जोडून ६ किंवा ८ पिन करून देणारे अ‍ॅडॉप्टर शे-दीडशे रुपयांत मिळतात. ते वापरू नका. साटाच्या पॉवर कनेक्टरमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना असतात, एका पिनेची क्षमता दीड अँपिअर. मिळून ५४ वॅट. त्यातून ७५ किंवा १५० ओढलं की प्लास्टिक वितळतं. जळलेले कनेक्टर माझ्याकडे येतात आणि सोबत डिस्कही गेलेली असते. त्या डिस्कमध्ये गिऱ्हाइकाची सगळी ड्रॉइंग असतात.

काळ्या मातीबद्दल: ती साधी धूळ नाही, फौंड्रीच्या धुळीत लोखंडाचे कण असू शकतात. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा आणि सप्लायचा डबा बाहेरूनच साफ करा. तो उघडू नका, आतल्या कपॅसिटरमध्ये करंट राहतो.

---

पंचगंगा_गेमिंग

स्मॉल फॉर्म फॅक्टर (एसएफएफ) आहे हे आधी माहीत नव्हतं. टॉवर आणि चांगला ५०० वॅटचा सप्लाय असता तर मी ५८० च म्हणालो असतो. आता जीटीएक्स १६५० लो प्रोफाइल (कमी उंचीचं) सुचवतो, वरून वायर लागत नाही असं मॉडेल मिळतं. नाहीतर आरएक्स ६४००, ते ५३ वॅटमध्ये बसतं.

---

शिरोली_कॅड

मी एमआयडीसीत कास्टिंगच्या डिझाइनचंच काम करते, त्यामुळे सॉफ्टवेअरच्या बाजूनं लिहिते.

कॅडमध्ये ग्राफिक्स कार्ड फार मर्यादित काम करतं. तयार झालेलं मॉडेल पडद्यावर दाखवणं, फिरवणं, झूम करणं, सेक्शन कापून दाखवणं, एवढंच त्याच्याकडे. फिलेटची त्रिज्या बदलली की जो रिबिल्ड होतो तो प्रोसेसर करतो, आणि तोही बहुतेक वेळा एकाच कोअरवर. एका फीचरवर पुढचं फीचर उभं असल्यामुळे ते काम चार कोअरमध्ये वाटून देता येत नाही. त्यामुळे तुम्ही पन्नास हजारांचं कार्ड लावलं तरी रिबिल्डचा वेळ हलणार नाही. हे आधी मनात पक्कं करा, म्हणजे नंतर पैसे वाया गेल्यासारखं वाटणार नाही.

फिरवताना अडकण्याचं कारण मात्र तुमच्या मशीनमध्ये स्पष्ट आहे. आय५-३४७० मधलं ग्राफिक्स एचडी २५०० आहे आणि त्याचं ओपनजीएल (सॉफ्टवेअर कार्डाकडून चित्र काढून घेतं ती पद्धत) ४.० पर्यंतच जातं. सॉलिडवर्क्समध्ये २०१९ पासून जी सुधारित ग्राफिक्सची सोय आली तिला ४.५ लागतं. ते नसलं की जुन्या पद्धतीनं चित्र काढलं जातं आणि भार प्रोसेसरवर येतो. सिस्टिम ऑप्शन्समध्ये परफॉर्मन्सच्या पानावर ‘यूज सॉफ्टवेअर ओपनजीएल’ची खूण आहे का बघा. असेल तर तुमचं कार्ड सॉफ्टवेअरनं जवळजवळ बाजूलाच ठेवलंय.

आता कार्ड कोणतं. गेमिंगची कार्डं सॉलिडवर्क्समध्ये चालतात, पण प्रमाणित यादीत नसतात. रिअलव्ह्यू (मॉडेल खऱ्यासारखं दाखवायची सोय) त्यांवर सुरू होत नाही आणि एखाद्या व्हर्जनला कडा गायब होणं, निवडलेली फेस न दिसणं असले प्रकार झाले तर दाद मागायला जागा नाही. पॅटर्नच्या कामात पार्टिंग लाइनची (साच्याचे दोन भाग जुळतात त्या रेषेची) कड दिसली नाही तर काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. म्हणून वर्कस्टेशनची कार्डं बघा. कंपन्यांमधून लीज संपून बाहेर पडणाऱ्या मशीनमधली ती सेकंड हँड बाजारात येतात. क्वाड्रो पी६२० म्हणजे २ जीबी, ४० वॅट. पी१००० म्हणजे ४ जीबी, ४७ वॅट. त्यांच्या पुढच्या पिढीतलं टी६००, ४ जीबी आणि ४० वॅट. सगळी लो प्रोफाइल, एका स्लॉटच्या जाडीची, वरून वायर नको.

या तिघांत मी टी६०० च घ्या म्हणेन, आणि कारण ड्रायव्हरचं आहे. पी६२० आणि पी१००० पास्कल पिढीची आहेत. त्या पिढीच्या जीफोर्स कार्डांचे नियमित ड्रायव्हर एनव्हिडियानं ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवले, आता फक्त सुरक्षेचे अपडेट, तेही ऑक्टोबर २०२८ पर्यंत. क्वाड्रोचा ड्रायव्हरही त्याच मुळावर बांधलेला असतो. टी६०० ट्युरिंग पिढीचं आहे, त्याला अजून नवे ड्रायव्हर मिळतात.

---

राजारामपुरी_रिपेअर

ताईंशी पूर्ण सहमत. टी६०० माझ्याही मनात होतं.

> नाहीतर आरएक्स ६४००, ते ५३ वॅटमध्ये बसतं.

वॅट बसतात, पण लेनचं, म्हणजे माहिती जायच्या वाटांचं बघा. कार्डाची सोन्याची पट्टी पूर्ण लांब दिसली तरी आरएक्स ६४०० आणि ६५०० एक्सटी आतून चारच लेन वापरतात. पीसीआय एक्स्प्रेस ४.० च्या स्लॉटमध्ये चार लेन पुरतात. ३.० मध्ये तेवढ्याच लेनमधून निम्मा माल जातो, २.० मध्ये चौथाई. जुन्या मशीनमध्ये चार लेनचं कार्ड म्हणजे रंकाळ्याचं पाणी बागेच्या नळीनं काढण्यासारखं. शिवाय या दोन्ही कार्डांत व्हिडिओ एन्कोडर नाही, म्हणजे एडिटिंगवाल्यांनाही ती नकोत. टी६०० आणि १६५० दोन्ही पूर्ण १६ लेनची आहेत.

आणखी एक नाव हल्ली विचारलं जातं, इंटेल आर्क. त्याला रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी बोर्डाची सोय) लागतं आणि इंटेल स्वतःच दहाव्या पिढीपासूनचे प्रोसेसर सांगतं. तिसऱ्या पिढीच्या मशीनला ते लावायला जाऊ नये.

---

बिंदू_चौक

मधेच विचारतो, मॉनिटरचा मुद्दा राहिला. यांच्याकडे व्हीजीए आणि डीव्हीआय आहे. टी६०० ला काय पोर्ट असतात? माझ्या डीटीपीच्या मशीनला याच कारणानं महिनाभर कार्ड पडून होतं. दुकानात दिलेली साधी व्हीजीएची पिन चालतच नव्हती.

---

राजारामपुरी_रिपेअर

चांगली आठवण केलीत, काका. टी६०० ला चार मिनी डिस्प्लेपोर्ट असतात, दुसरं काही नाही.

व्हीजीएचा सिग्नल अ‍ॅनालॉग. एनव्हिडियानं जीटीएक्स १० मालिकेपासून कार्डातून अ‍ॅनालॉग सिग्नल काढूनच टाकला. त्याआधीच्या कार्डांत डीव्हीआय-आय असायचं, त्याला चार जादा पिनांची भोकं असतात आणि त्यातून साध्या पिनेनं व्हीजीए निघायचं. डीव्हीआय-डी ला ती चार भोकं नसतात. तुम्हाला मिळालेली पिन बहुधा त्यातच अडकली.

आता मिनी डिस्प्लेपोर्टवरून व्हीजीए करायचं तर आत चिप असलेला अ‍ॅक्टिव्ह कन्व्हर्टर लागतो. पण यांच्या मॉनिटरला डीव्हीआय आहे, तेव्हा मिनी डिस्प्लेपोर्ट ते डीव्हीआय घ्यावं. ते साधं स्वस्तातलं चालतं, कारण हा पोर्ट तोच डिजिटल सिग्नल स्वतः देतो. चित्रही व्हीजीएपेक्षा स्वच्छ येईल. बारीक डायमेन्शन वाचताना फरक कळतो.

---

गडहिंग्लजहून

माझाही प्रश्न इथंच विचारू का? जी४१ चा बोर्ड, कोअर टू ड्युओ, ४ जीबी रॅम, विंडोज ७ बत्तीस बिट. मुलीला शाळेचे व्हिडिओ बघायचे असतात, ते अडकतात. एक जण जीटी ७३० देतोय, घेऊ का?

---

राजारामपुरी_रिपेअर

गडहिंग्लज, तुमचं उत्तर जरा वेगळं आहे, शेवटी लिहितो. आधी यांचं बायोसचं सांगतो.

ब्रँडेड जुन्या मशीनमध्ये कार्ड लावून चालू केलं आणि पडदा काळाच राहिला, तर कार्ड खराब आहे असं लगेच समजू नका. तीन गोष्टी क्रमानं बघायच्या.

पहिली: केबल कार्डाला लावली का? कार्ड बसलं की बोर्डावरचा डिस्प्ले बहुतेक मशीनमध्ये आपोआप बंद होतो. जुन्याच पोर्टला केबल ठेवून ‘नो सिग्नल’ म्हणत बरेच जण येतात.

दुसरी: बायोस. कार्ड लावायच्या आधीच, जुन्या डिस्प्लेवर असताना, डेलच्या साइटवर सर्व्हिस टॅग टाकून या मॉडेलचं शेवटचं बायोस घालून घ्या. २०१२ च्या आसपासचे बोर्ड म्हणजे जुनं लेगसी बायोस आणि नवं यूईएफआय यांच्या सांध्यावरचे. कार्डात दोन्हींसाठीचा कोड असेल तर प्रश्न नाही, पण बायोस जुनं राहिलं की कधी कधी ओळख पटत नाही. अपडेट चालू असताना वीज गेली तर बोर्ड जाऊ शकतो, म्हणून यूपीएसची बॅटरी ठीक आहे ना बघूनच बसा.

तिसरी: कार्ड पूर्ण बसलंय का. स्लॉटच्या टोकाला कुलूप असतं, ते टक्क वाजलं पाहिजे. निळ्या स्लॉटमध्येच लावा. दुसरा लांब स्लॉट दिसायला तसाच असला तरी आत चारच लेन आहेत.

चालू झाल्यावर जीपीयू-झेड हा कार्डाची माहिती दाखवणारा प्रोग्रॅम टाका. बस इंटरफेसच्या ओळीत कार्डाची क्षमता आणि सध्याचा वेग दोन्ही दिसतं. तिथं १.१ दिसलं तर घाबरू नका. कार्ड रिकामं असताना वीज वाचवायला वेग खाली आणतं. शेजारच्या प्रश्नचिन्हावर दाबून रेंडर टेस्ट चालवा, आकडा वर जातो का बघा. तुमचा प्रोसेसर आयव्ही ब्रिज आहे, त्यामुळे ३.० मिळायला हवं. त्याच बोर्डावर आय३-२१०० सारखा दुसऱ्या पिढीचा प्रोसेसर असता तर २.० च मिळालं असतं. हा वेग प्रोसेसरही ठरवतो, फक्त बोर्ड नाही.

जीपीयू-झेड कार्ड विकत घेतानाही दुकानातच चालवून बघा. बाजारात १०५० टीआय असं स्टिकर मारलेली कार्डं येतात आणि आत जीटीएस ४५० च्या काळातली चिप असते, बायोस बदलून नाव खोटं दाखवलेलं. जीपीयू-झेड अशी बरीच कार्डं ओळखतं आणि नावाआधी तसं लिहितं.

---

शिरोली_कॅड

एक पुरवणी. कार्ड घेताना ब्रॅकेटबद्दल आवर्जून विचारा. लो प्रोफाइल कार्ड दोन पट्ट्यांसह येतं, उंच आणि बुटकी. मोठ्या टॉवरमधून काढलेल्या कार्डाला उंच पट्टी लावलेली असते आणि बुटकी कुठंतरी हरवलेली असते. तुमच्या कॅबिनेटला बुटकीच लागेल. ती नसेल तर झाकण लागणार नाही, आणि पट्टीशिवाय कार्ड नुसतं स्लॉटवर लटकत ठेवणं तुमच्या शॉपमधल्या हादऱ्यात बरं नाही.

आणि दहा हजार सगळे कार्डात घालू नका. ८ जीबी रॅममध्ये विंडोज, सॉलिडवर्क्स आणि पार्टीकडून आलेली मोठी स्टेप (थ्रीडी मॉडेलची) फाइल मिळून जागा भरते आणि मग सगळं हार्ड डिस्कवर जातं. या मशीनला रॅमचे चार स्लॉट आहेत. जुनी डीडीआर३ स्वस्तात मिळते, १६ करा. २५० जीबीची साटा एसएसडी टाका. फाइल उघडण्यात जो फरक पडेल तो कार्डानं पडणार नाही.

रिबिल्डसाठी एक पैसा न खर्चता करायचं काम: इव्हॅल्युएट टॅबमध्ये परफॉर्मन्स इव्हॅल्युएशन चालवा. कोणत्या फीचरला किती वेळ लागतो त्याची यादी येते. कास्टिंगमध्ये वर बहुतेक फिलेटच निघतात. ते ट्रीच्या शेवटी एका फोल्डरमध्ये ठेवा आणि काम चालू असताना सप्रेस (तात्पुरते बंद) करा.

---

बिंदू_चौक

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला ना? मग एवढ्या जुन्या मशीनवर खर्च करायचा का, असं मला वाटतं. ११ तर अधिकृतपणे आठव्या पिढीच्या खाली चालत नाही.

---

शिरोली_कॅड

बरोबर आहे तुमचं, काका, आणि म्हणूनच टी६०० म्हणते. वर्ष-दीड वर्षानं मशीन बदललं तरी कार्ड आणि एसएसडी काढून नव्या मशीनमध्ये लागतील. वाया जाईल ती फक्त डीडीआर३ रॅम. घरगुती वापराला मायक्रोसॉफ्टनं ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेटची वाढीव सोय दिली आहे, धंद्याच्या मशीनसाठी ती वेगळी विकत घ्यावी लागते. तोवर ते मशीन इंटरनेटपासून शक्य तेवढं बाजूला ठेवा आणि फाइली दुसऱ्या मशीनवर उतरवून घ्या. पार्टीची ड्रॉइंग आपल्या भरवशावर आलेली असतात.

---

पॅटर्नशॉप_उद्यमनगर

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. झालेलं काम कळवतो, कारण असंच मशीन उद्यमनगरात बऱ्याच शॉपमध्ये आहे.

लीजची मशीन विकणाऱ्या एकाकडे टी६०० मिळालं. त्याच्याच मशीनवर जीपीयू-झेड चालवून बघितलं आणि मगच पैसे दिले. पट्टी उंचच लावलेली होती. आधी विचारून ठेवल्यामुळे त्यानं डबा शोधून बुटकी काढून दिली. बायोस आधीच अपडेट करून घेतलं होतं. मिनी डिस्प्लेपोर्ट ते डीव्हीआय केबल लावली आणि पहिल्याच वेळी डिस्प्ले आला. रेंडर टेस्ट दिल्यावर बसचा आकडा वर गेला, दादांनी सांगितलं तसं.

पंपाची बॉडी आता माउसबरोबर फिरते. सेक्शन काढून आतला कोअर बघताना तर फारच फरक आहे. वडील शेजारी येऊन बसतात आणि भिंतीची जाडी कुठं कमी होतेय ते पडद्यावर बोट ठेवून सांगतात. आधी एवढा वेळ लागायचा की ते कंटाळून उठून जायचे. ड्राफ्ट उलटा पडलेली एक जागा त्यांनीच दाखवली, जी मॉडेल पाठवणाऱ्या पार्टीच्याही लक्षात आली नव्हती.

रिबिल्डचा वेळ ताई म्हणाल्या तसाच आहे. परफॉर्मन्स इव्हॅल्युएशनमध्ये वरची सगळी नावं फिलेटचीच निघाली, आता ते फोल्डरमध्ये घातलेत. रॅम १६ केली. एसएसडी पुढच्या महिन्यात.

एकच विचारायचं राहिलं. टी६०० चा पंखा बारीक आहे आणि आमच्याकडे ही काळी माती. किती दिवसांनी साफ करावं?

---

राजारामपुरी_रिपेअर

छान झालं. ऐकून बरं वाटलं, वडिलांचं तर फारच.

दिवसांवर जाऊ नका, तापमानावर जा. आज काम चालू असताना जीपीयू-झेडच्या सेन्सर पानावर किती दिसतंय ते लिहून ठेवा. त्याच कामाला पुढं आठ-दहा अंश जास्त दिसायला लागलं की झाकण उघडा. कॅबिनेट जमिनीवरून उचलून टेबलावर ठेवा आणि मोल्डिंगच्या बाजूला पुढची जाळी येणार नाही असं फिरवा. जाळीवर कापड बांधू नका, हवा अडते.

गडहिंग्लज, आता तुमचं. जीटी ७३० घेऊ नका. ते एकाच नावानं वेगवेगळ्या चिप आणि वेगवेगळ्या मेमरीसह विकलं गेलं, काहींत तर फर्मी या अजून जुन्या पिढीची चिप आहे. त्यापुढच्या केप्लर पिढीच्या चिपचं मिळालं तरी त्याचे नवे ड्रायव्हर बंद झालेत, आणि ३२ बिट विंडोजसाठी एनव्हिडियानं २०१८ मध्येच ड्रायव्हर थांबवले. ब्राउझरही विंडोज ७ साठी आता नवे येत नाहीत. व्हिडिओ अडकण्याचं निम्मं कारण तिथंच आहे. त्या पैशात थोडी भर घालून चौथ्या किंवा सहाव्या पिढीचं लीजचं ऑफिस मशीन बघा. त्यातलं आतलं ग्राफिक्स शाळेच्या व्हिडिओला पुरतं, वेगळं कार्ड लागणारच नाही. येताना तुमच्या मॉनिटरच्या मागचा फोटो घेऊन या, केबल इथंच जुळवून देतो.

---

गडहिंग्लजहून

बरं झालं विचारलं, तो माणूस उद्याच कार्ड आणून देणार होता. त्याला नको म्हणून कळवतो. मॉनिटरला फक्त व्हीजीए आहे. लीजच्या मशीनला व्हीजीए असतं का?

---

राजारामपुरी_रिपेअर

चौथ्या पिढीच्या बहुतेक ऑफिस मशीनना असतं, सहाव्या पिढीत मॉडेल बघून सांगावं लागेल. नसेल तर डिस्प्लेपोर्ट ते व्हीजीए अ‍ॅक्टिव्ह कन्व्हर्टर, वर काकांना सांगितला तोच. मशीनचं मॉडेल ठरलं की इथं टाका.